सीताबर्डीची टेकडी पायऱ्यापायऱ्यांची, नदी चढावर: मॅप एडिटरमध्ये उंची कुठे चुकतेय?

टेकडीवाला
नमस्कार मंडळी. गेले तीन महिने संगणकावरच्या युद्धखेळासाठी नागपूरच्या सीताबर्डीच्या लढाईचा सिनॅरिओ करतोय. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817. एका बाजूला आप्पासाहेब भोसल्यांची फौज, दुसरीकडे टेकड्यांवर चढून बसलेल्या कंपनीच्या पलटणी. नकाशा चार किलोमीटर लांब, चार किलोमीटर रुंद, मधोमध टेकडी. हेक्स, म्हणजे नकाशाचं षटकोनी घर, शंभर मीटरचा. उंचीसाठी एसआरटीएमचा, म्हणजे अंतराळातून रडारने मोजलेल्या उंचीचा, डेटा उतरवला, त्याचा करड्या रंगाचा पीएनजी हाइटमॅप (छटा जेवढी उजळ तेवढी जमीन उंच) केला आणि एडिटरमध्ये टाकला. तिथून पुढे गाडं अडलंय.

पहिली अडचण, टेकडीला उतार म्हणून नाहीच. चार-पाच मोठ्या पायऱ्या आहेत, नदीच्या घाटासारख्या. आणि शहराकडची सपाटी म्हणजे एकच पाट. दुसरी, नाग नदीचा पट्टा जुन्या नकाशावरून वेगळ्या थरात काढलाय, तर ती नदी मध्येच टेकाडावर चढून पलीकडे उतरते. तिसरी अडचण माझ्या दृष्टीने सगळ्यात वाईट. मोठ्या टेकडीवरच्या तोफांना छोटी टेकडी दिसतच नाही. एडिटर म्हणतो, मध्ये जमीन आड येते. अहो, ही लढाई फिरली ती त्या दोन टेकड्यांच्या एकमेकींवरच्या माऱ्यामुळे! 27 तारखेच्या सकाळी छोट्या टेकडीवर दारूगोळ्याचा गाडा उडाला, त्या गोंधळात भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी ती घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीवर वळवली. माझ्या नकाशात हे घडूच शकत नाही.

ब्रश घेऊन हाताने टेकडी उचलता येईल, पण तसं करायचं नाहीये. त्या टेकडीखालून दहा वर्षं शाळेत गेलोय. ती आहे तशीच आली पाहिजे.

तर्री_पोहे
नाग नदी चढावर जाऊन राह्यली म्हणजे तिलेबी बर्डीवर खरेदी करा लागते वाटते. दिवाळीची गर्दी हाय, लायनीत लाग म्हणा.

पिक्सेलपुरकर
टेकडीवाला, दोन गोष्टी सांगा. पीएनजी आठ बिटचा केला की सोळा बिटचा? आणि एडिटरमध्ये काळा म्हणजे किती मीटर, पांढरा म्हणजे किती मीटर असं लिहिलंय?

टेकडीवाला
आत्ता उघडून पाहिलं. आठ बिट. काळा 0, पांढरा 2000. एडिटरने आपोआप तेच भरलं होतं, मी हात लावला नव्हता.

पिक्सेलपुरकर
मग पायऱ्यांचं उत्तर इथेच आहे. आठ बिट म्हणजे करड्या रंगाच्या 256 छटा. त्या दोन हजार मीटरवर वाटल्या तर एका छटेच्या वाट्याला जवळपास आठ मीटर आले. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे-सव्वातीनशे मीटरवर. म्हणजे तुमच्या अख्ख्या नकाशाला जेमतेम सात-आठ छटा मिळाल्या. त्यातल्या चार-पाच टेकडीला आणि उरलेल्या शहराला. सपाटी पाटासारखी दिसणारच.

सोळा बिटचा एक्सपोर्ट घ्या. तिथे 65,536 पातळ्या मिळतात, दोन हजार मीटरवर वाटल्या तरी एक पातळी तीन सेंटिमीटरची. आणि काळा-पांढरा 280 ते 380 असा बांधून घ्या. नुसतं एवढं केलं असतं तर आठ बिटमध्येसुद्धा एक पायरी चाळीस सेंटिमीटरच्या आत आली असती.

आणखी एक, मधल्या कुठल्याही टप्प्यावर जेपीजी करू नका. फोटोला चालतं. उंचीच्या फाइलला चौकटी-चौकटीचे फोड येतात.

घाटरोड
एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा उंची सरळ तीन पट करा. बरेच जण तसंच करतात. टेकडी डोळ्यात भरते, खेळणाऱ्यालाही मजा येते.

हेक्समास्तर
घाटरोडभाऊ, यात मी तुमच्या बाजूने नाही. पायऱ्या तीन पट केल्या तर तीन पट मोठ्या पायऱ्याच मिळतील. शिवाय चढ तीन पट झाला की चढायचा खर्च वाढतो. मग अरब छोट्या टेकडीवर वेळेत पोचणारच नाहीत.

घाटरोड
चढाचं मान्य. पण सगळंच एका मापाने वाढवलं तर कोणाला कोण दिसतं ते बदलत नाही ना? मधला उंचवटाही तेवढाच वाढतो.

हेक्समास्तर
उघड्या जमिनीपुरतं तुमचं म्हणणं अगदी बरोबर. जमिनीवरच्या बिंदूपासून जमिनीवरच्या बिंदूपर्यंत रेघ ओढली तर ती तीन पट करूनही तशीच राहते. पण माणसाचा डोळा जमिनीपासून दीड मीटरवर असतो आणि तो तीन पट होत नाही. घराची भिंत, आमराई, मातीचा आडोसा, यांची उंची एडिटर वेगळी धरतो, तीही होत नाही. उत्तरेकडच्या छोट्या टेकडीला घरं अगदी लागून होती, त्यांच्या आडून मारा झाला. जमीन फुगवली की ती घरं खुजी होतात आणि आडोसा संपतो. जिथे लढाईच आडोशावर झाली, तिथे हे चालणार नाही.

घाटरोड
पटलं. माझे नकाशे सह्याद्रीतले असतात, तिथे घरांचा प्रश्न येत नाही म्हणून ध्यानात आलं नाही.

काळा_दगड
थोडं विषयाला धरून, थोडं सोडून. मी भूशास्त्र शिकलोय. पायरी दिसली की चूकच, असं धरू नका. आपल्या पश्चिम नागपूरखाली दख्खनचा काळा दगड आहे, ट्रॅप. हा शब्दच पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. लाव्हाचे थर एकावर एक बसतात, कडक थर टिकतो, मऊ झिजतो, आणि डोंगराला पायऱ्या येतात. सीताबर्डीच्या टेकडीत तर दोन थरांमध्ये गाळाची पातळ पट्टी आहे. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे त्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात नागपूर परिसरातल्या अशाच पट्ट्यांतून जीवाश्म गोळा केले होते. पूर्वेकडे गेलं की ट्रॅप संपतो आणि त्याहून कितीतरी जुना दगड लागतो.

म्हणून ओळखायचं असं: पायऱ्या नकाशाभर, सारख्या उंचीच्या आणि सपाटीवरही दिसत असतील तर चूक फाइलची. फक्त टेकडीच्या अंगावर, कमीजास्त, एका बाजूला ठळक आणि दुसरीकडे पुसट असतील तर त्या दगडाच्या. त्या घासून टाकू नका.

पुण्यात_नागपूरकर
हा धागा वाचून मले घरची आठवण येऊन राह्यली. इकडं टेकडी म्हटलं का लोक भलतीच टेकडी समजतात.

टेकडीवाला
सोळा बिट केलं, 280 ते 380 बांधलं. काळा_दगड, तुमची खूण फार कामाची निघाली, घाटासारख्या पायऱ्या गेल्या, म्हणजे त्या फाइलच्याच होत्या. पण आता सपाटीवर बारीक बारीक वरंबे दिसतात, धानाच्या बांध्यांसारखे. उंची मोजली तर प्रत्येक वरंबा बरोब्बर एक मीटरचा. नदी अजून चढावरच. तोफांना अजून दिसत नाही.

पिक्सेलपुरकर
वरंबे समजले. एसआरटीएमची मूळ फाइलच पूर्ण मीटरमध्ये असते, 311, 312, 313. मधलं 311.5 वगैरे काही नसतं, म्हणजे 311 नंतर थेट 312. डबा कितीही मोठा घेतला तरी आत धान्य तेवढंच. घाटात हे कळत नाही, पण नागपूरसारख्या सपाट गावात लगेच डोळ्यात येतं.

उपाय असा. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी फाइल दशांशात बदला. मग यूटीएम झोन 44 मध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत, न्या, नागपूर 79 रेखांशावर आहे तेव्हा 44च. नेताना रिसॅम्पलिंग, म्हणजे नव्या पिक्सेलची उंची काढायची रीत, बायलिनियर ठेवा. नियरेस्ट ठेवलं तर वरंबे जसेच्या तसे येतील. क्यूबिक ठेवलं तर टेकडीच्या कडेला नसलेला खळगा पडू शकतो. आणि यूटीएममध्ये न्यायचंच, कारण मूळ पिक्सेल चौरस नसतो. आपल्या अक्षांशावर तो उत्तर-दक्षिण जवळपास 31 मीटर आणि पूर्व-पश्चिम 29 मीटर भरतो. तसाच ताणला तर टेकडी आडवी फुगते.

यापेक्षा बरं म्हणजे कोपर्निकस या युरोपीय उपग्रह प्रकल्पाचा तीस मीटरवाला डेटा घ्या, तो मुळातच दशांशात येतो.

महालची_लेक
मला एडिटरमधलं काही कळत नाही, पण टेकडीबद्दल बोलायचंय. तुम्ही आजची टेकडी घेताय. 1817 ला तिथे किल्ला नव्हता! आज जी तटबंदी आपण खालून बघतो ती लढाईनंतर इंग्रजांनी बांधली. लढाईच्या वेळी होता तो उघडा, खडकाळ माथा. तिथे खणणं सोपं नव्हतं म्हणून आडोसा करायलाही जड गेलं.

किल्ला लष्कराकडे असल्यामुळे वर्षातून तीनच दिवस आत सोडतात, 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट. मी बाबांबरोबर एका 1 मेला गेले होते. ऊन असं की चपलेतून चटका लागत होता. बाबा तटापाशी उभे राहिले, हात डोळ्यांवर धरला आणि म्हणाले, "महाल इथून केवढा जवळ आहे बघ." पूर्वेला आमच्या वस्तीतल्या पाण्याच्या टाक्या दिसत होत्या. घरातलं बोलणं ऐकू जाईल असं वाटलं मला. भोसल्यांच्या वाड्यातून त्या रात्री तोफांचा उजेड दिसला असेल, हे तेव्हा पहिल्यांदा अंगावर आलं. तुमच्या नकाशातून ते दिसलं पाहिजे.

तर त्या उपग्रहाला झाडं आणि बुरूजही जमीन म्हणूनच दिसत असतील का?

पिक्सेलपुरकर
ताई, नेमकी दुखरी जागा दाखवलीत. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर शटलमधून झाली, अकरा दिवसांत. त्यातलं रडार दाट पानांच्या वरच्या भागातूनच बरंचसं परत येतं, घरांच्या छपरावरून तर येतंच. म्हणजे फाइलमध्ये जमीन अधिक तिच्यावर जे उभं आहे त्याचा काही भाग. किल्ल्यावरची झाडं, तट, बर्डीच्या इमारती, सगळ्यांचा थोडा थोडा वाटा. कोपर्निकसचंही तेच. त्यावरून झाडं आणि घरं वजा करून केलेला फॅबडेम नावाचा डेटा आहे, ब्रिस्टल विद्यापीठातल्यांनी केलेला, अव्यापारी वापराला मोकळा. टेकडीवाल्यांनी तोच घ्यावा.

टेकडीवाला
ताई, तुमचं वाचून थांबलो थोडा वेळ. किल्ला नव्हता हे मला माहीत होतं, पण तो माझ्या उंचीत शिरलाय हे सुचलं नव्हतं. फॅबडेम घेतो.

सर्वेवाला_काका
मी मोजणीच्या कामात आयुष्य घातलं. तुमचं सगळं वाचलं. एवढ्या सुधारणा करताय, पण एकानेही विचारलं नाही की फाइल बरोबर आहे हे कशावरून? आधी माहीत असलेल्या एका जागेवर पडताळा घ्यावा, मग दुरुस्ती. आणि तुमचं नशीब असं, की देशात बेंचमार्कला, म्हणजे मोजून ठेवलेल्या उंचीच्या खुणेला, प्रसिद्ध अशी जी जागा आहे ती तुमच्या टेकडीच्या पायथ्याशी, वायव्येला आहे. झिरो माइल. चार घोडे आणि वालुकाश्माचा खांब सगळ्यांना दिसतो, पण त्याच्या शेजारी 1907 चा जीटीएसचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या देशभरच्या मोठ्या मोजणीचा, बेंचमार्क आहे. उंची 1020.171 फूट. म्हणजे जवळपास 311 मीटर. फाइलमध्ये तिथे काय येतं ते बघा.

टेकडीवाला
काका, आज ऑफिसमधून येताना झिरो माइलला गाडी लावली आणि मोबाइलवर उंची पाहिली. एका ॲपने 246 दाखवली. आता कोणावर विश्वास ठेवू?

सर्वेवाला_काका
दगडावर ठेवा. मोबाइलही खोटं बोलत नाही, तो वेगळ्या पायापासून मोजतो. जीपीएस पृथ्वीचा एक गणिती गुळगुळीत गोळा धरतो आणि त्यापासून उंची देतो. आपण समुद्रसपाटीपासून मोजतो. भारतात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग त्या गोळ्याच्या बराच खाली आहे, आपल्याकडे साठ मीटरांहून जास्त. काही ॲप ती दुरुस्ती करून दाखवतात, काही कच्चा आकडा देतात. तुमचं ॲप कच्चा देतंय. मोबाइलवर घेतलेल्या उंच्या नकाशात कुठे भरल्या असतील तर आजच्या आज काढा.

टेकडीवाला
दोन ठिकाणी भरल्या होत्या. काढल्या.

आता गंमत ऐका. क्यूजीआयएसमध्ये झिरो माइलवर क्लिक केलं तर उंची बेंचमार्कशी दोन मीटरांच्या आत जुळते. एडिटरमध्ये त्याच जागी क्लिक केलं तर आठ मीटरचा फरक. फाइल एकच!

सर्वेवाला_काका
मग फाइल चांगली आहे. चूक दोघांच्या मधल्या वाटेत आहे. चित्र टाका.

टेकडीवाला
टाकलं. वरून पाहिलेलं, वर उत्तर. रस्ते, घरं काही नाही, नुसती जमीन.

जुमा_तलाव
मी रोज वाचतो, लिहित नाही. तलावाकाठीच घर हाय आमचं. चित्र पाहून एक विचारतो, चुकलं असन तर सांगा. नाग नदी बर्डीच्या दक्षिणेकडून जाते ना जी? पंचशील चौकाकडून? तुमच्या चित्रात खोलगट पट्टा टेकडीच्या वर, उत्तरेले हाय. अन छोटी टेकडी उत्तरेले पायजे, ते खाली दक्षिणेले दिसून राह्यली. तलाव पूर्वेले बरोबर हाय. मले वाटते तुमचं नागपूर उलटं टांगलं हाय. डावं-उजवं बरोबर, वर-खाली उलटं.

तर्री_पोहे
अरे बापरे.

पिक्सेलपुरकर
जुमा_तलाव, तुम्ही एका नजरेत पकडलंत ते मी चार दिवसांत पाहिलं नाही. अगदी हेच आहे. उंचीच्या फाइलमध्ये पहिली ओळ उत्तरेची असते, चित्रासारखी वरून खाली. या एडिटरचा शून्य खालच्या डाव्या कोपऱ्यात आहे, तो पहिली ओळ दक्षिण समजून मांडतो. आयात करताना उभं उलटवा असा एक चौकोन असतो, त्यावर टिक करायची राहिली. डोंगराळ मुलुखात लगेच कळलं असतं. इथे सपाटीवर रस्ते नसताना कळणं कठीणच.

टेकडी नकाशाच्या मधोमध असल्यामुळे ती आपल्याच जागी उलटली, म्हणून संशय आला नाही. नदीचा आणि तोफांचा थर जुन्या नकाशावरून आला होता, तो सुलटा. खालची जमीन तेवढी उलटी. त्यामुळे नदी टेकाडावर चढली आणि छोट्या टेकडीवरची तोफ टेकडीच नसलेल्या जागी जाऊन बसली.

टेकडीवाला
टिक केली. नदी खोलगटात बसली. झिरो माइल जुळलं. उभा राहून टाळी वाजवली मी, आईने विचारलं काय झालं. जुमा_तलावभाऊ, तुमचे उपकार विसरणार नाही. तोफांना छोटी टेकडी आता दिसते, पण काही हेक्समधून दिसते, काहींतून नाही. माथ्याची उंची क्यूजीआयएसपेक्षा कमी येतेय.

हेक्समास्तर
आता माझ्या हद्दीत आलात. शंभर मीटरच्या एका हेक्समध्ये तीस मीटरचे साधारण दहा पिक्सेल बसतात. एडिटर त्या दहांची सरासरी घेऊन हेक्सला एकच उंची देतो. मोठ्या टेकडीला फरक पडत नाही, ती रुंद आहे. छोटीचा माथा दोन-तीन पिक्सेलचा, त्यात उताराचे सात मिसळले की डोकंच कापलं जातं.

सगळीकडे सरासरीऐवजी कमाल लावू नका, नाहीतर नदीचं पात्रही वर येईल. माथ्याचे आणि दोन टेकड्यांना जोडणाऱ्या दांडाचे हेक्स वेगळे निवडा, तेवढ्यांना कमाल द्या. तो दांड लढाईच्या वर्णनात सुमारे तीनशे यार्ड लांब आणि दोन्ही माथ्यांपेक्षा खोल सांगितलाय. म्हणजे तीनच हेक्स. तिथे दोन्ही टोकांच्या सरासरीने मधला हेक्स उचलला जाऊन खोलगा भरला गेला असेल, तर तीच तुमची आड येणारी जमीन. मधल्या हेक्सला किमान द्या. जमत असेल तर एवढ्या भागापुरता पन्नास मीटरचा हेक्स करा.

काळा_दगड
माथ्याला हात लावताय तर पायरी जपा.

टेकडीवाला
पायरी जपली. पूर्ण नकाशा पन्नास मीटरच्या हेक्सवर घेतला, संगणक जरा धापा टाकतो पण चालतं. मधला हेक्स किमान उंचीवर आणला. काल रात्री छोट्या टेकडीवर अरबांचं पथक ठेवून मोठ्या टेकडीकडे रेघ ओढली, ती कुठेही न अडता पलीकडे पोचली. उलट बाजूनेही पाहिली. पश्चिमेच्या मैदानातून, इंग्रज रेसिडेंटच्या रेसिडेन्सीकडून, कंपनीच्या कॅप्टन फिट्झजेराल्डचं घोडदळ निघतं तिथे सपाटी मिळतेय, वरंबे नाहीत.

मग महालच्या ताईंनी सांगितलं ते करून पाहिलं. कॅमेरा पूर्वेला नेला, वाड्याच्या जागी, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवला आणि टेकडीकडे वळवला. दोन्ही माथे दिसतात. डावीकडे मोठा, उजवीकडे छोटा.

महालची_लेक
चित्र बाबांना दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघत होते. म्हणाले, त्यांना सांग, झाडं नसली की टेकडी केवढी उघडी वाटते.

सर्वेवाला_काका
26 जानेवारीला किल्ला उघडतो. मी गेटपाशी सकाळी असेन, हातात लेव्हलिंगची जुनी काठी असेल. ज्यांना दांडाची खोली वरून बघायची त्यांनी यावं.

जुमा_तलाव
मी येतो काका. येताना पोहे घेऊ.

तर्री_पोहे
पोह्याचं माह्याकडं लागलं.

टेकडीवाला
मीही येतो. तोवर पूर्वेकडची घरं मांडून होतील. जुन्या वस्तीचा त्या बाजूचा नकाशा कोणाकडे असेल तर कळवा, जुम्मा दरवाजा ते टेकडीचा पायथा एवढाच भाग हवाय.